बदल केलेल्या स्पोर्ट बाईकच्या मीटरवरचे फॉल्ट कोड: नाशिककरांनो, अनुभव लिहा

धागाकर्ता, कॉलेज रोड

मंडळी, फुल सिस्टीम सायलेन्सर (इंजिनपासून टोकापर्यंत अख्खा एक्झॉस्ट), टेल टायडी (मागच्या नंबरप्लेटचा छोटा ब्रॅकेट), पिगीबॅक (ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला जोडायचा जादा डबा), क्विकशिफ्टर (क्लच न दाबता गिअर बदलायला), काहीही बसवलं की थोड्याच दिवसांत मीटरवर पिवळा दिवा लागतो. मग कोणीतरी मोबाईलवरून कोड (गाडीने साठवलेला दोषाचा नंबर) उडवून देतो आणि कसाऱ्याच्या घाटात तो परत येतो. म्हणून हा धागा. कुठल्या बदलामुळे कुठला कोड येतो, का येतो आणि नीट कसा जातो, एवढंच लिहा. आकडे असतील तर उत्तम. गाडी कधी घेतली, कुठे फिरवली, ते दुसरीकडे.

सुरुवात मीच करतो. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस६ गाड्यांना बहुतेक सीटखाली सहा पिनांचा निदान कपलर असतो. त्याला सहा-ते-सोळा पिनांची केबल आणि तिच्यावर ईएलएम३२७ जातीचं, कोड मोबाईलवर दाखवणारं ब्लूटूथ यंत्र लागतं. स्वस्त यंत्रांमध्ये अर्धवट नक्कल केलेली बरीच असतात. ती जोडली गेल्यासारखं दाखवतात, पण के-लाईनवर (निदानाच्या एका वायरीवर) बोलत नाहीत. गाडीला दोष देण्याआधी तेच यंत्र दुसऱ्या गाडीवर लावून बघा.

क्रम असा. किल्ली चालू, किल स्विच रनवर, इंजिन बंद, बॅटरी किमान १२.४ व्होल्ट. आधी साठवलेले कोड वाचा, मग पेंडिंग (अजून पक्के न झालेले), मग फ्रीझ फ्रेम. कोड आला त्या क्षणाचे आरपीएम, तापमान आणि थ्रॉटल फ्रीझ फ्रेममध्ये असतात, आणि कोड पुसला की तीही पुसली जाते. स्क्रीनचा फोटो काढा. पुसायचं त्यानंतर. मग किल्ली बंद करून अर्धा मिनिट थांबा, म्हणजे ईसीयू नीट झोपतो.

मल्टिमीटर, सातपूर

सायलेन्सरबद्दल लिहितो, कारण निम्मी भांडणं तिथलीच असतात.

फुल सिस्टीम टाकल्यावर येणारे नेहमीचे कोड दोन जातींचे. पी००३० ते पी००३२ हे ओटू सेन्सरच्या (एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणाऱ्या) हीटरचे. पी०१३० ते पी०१३२ आणि पी०१७१ हे सिग्नलचे. या दोन जाती एकत्र करू नका, कारण उपाय वेगळे आहेत.

हीटरचा कोड म्हणजे वायर, कपलर किंवा सेन्सर. सायलेन्सरच्या आवाजाशी त्याचा संबंध नाही. चार वायरींच्या बॉश सेन्सरमध्ये दोन पांढऱ्या हीटरच्या, काळी सिग्नलची, करडी सिग्नलच्या अर्थची. कपलर काढून दोन पांढऱ्यांमध्ये ओम मोजा. गार सेन्सरला साधारण ५ ते १५ ओम यायला हवेत. मल्टिमीटर ओएल (सर्किट तुटलेलं) दाखवत असेल तर हीटर गेला. ओम बरोबर असून कोड येत असेल तर वायर बेंड पाईपला (इंजिनच्या हेडपासून निघणाऱ्या) चिकटून वितळली आहे का बघा. नव्या बेंडमध्ये सेन्सरची जागा दोन-तीन इंच सरकते, मूळ वायर ताणली जाते आणि कपलरच्या मागची पिन बाहेर ओढली जाते. बाहेरून कपलर बसलेला दिसतो. पिन मागून हलकेच ढकलून बघितली की कळतं.

सिग्नलचा कोड आला तर आधी गळती शोधा. सेन्सरच्या आधी, म्हणजे हेड आणि बेंडच्या जोडावर, जुनं गॅस्केट परत वापरलं की बारीक फट राहते. एक्झॉस्टमध्ये दाब सारखा वरखाली होतो, त्या फटीतून हवा आत ओढली जाते, सेन्सरला ऑक्सिजन दिसतो आणि ईसीयूला वाटतं मिश्रण लीन (पेट्रोल कमी) आहे. मग तो पेट्रोल वाढवतो. प्लग काळा आणि कोड लीनचा, असं उलटं चित्र दिसलं की फट आहे असं समजा. गार इंजिन सुरू करून जोडाजवळ साबणाचं पाणी मारा, बुडबुडे येतात. हे पहिल्या मिनिटातच करायचं, नंतर पाईप तापतो.

बंग (सेन्सर बसवायची आट्यांची रिंग) वेल्ड करून घेणार असाल तर सेन्सर आडव्यापेक्षा किमान १० अंश वर तोंड करून बसला पाहिजे, नाहीतर पाईपमधलं पाणी त्याच्या गरम सिरॅमिकवर जाऊन ते तडकतं. मोठ्या गाड्यांना आटे एम१८ गुणिले १.५ असतात, लहान गाड्यांना बऱ्याचदा एम१२ गुणिले १.२५. वेल्डरकडे जाताना जुना सेन्सर सोबत न्या. अँटीसीझ (आटे जाम होऊ न देणारी पेस्ट) फक्त आट्यांना, टोकाला नाही. जोडाला साधं सिलिकॉन लावू नका, त्याची वाफ सेन्सर मारते.

गिअर पाच, इंदिरानगर

एवढं कशाला भाऊ? हीटरच्या जागी रेझिस्टर लावला की दिवा जातो.

मल्टिमीटर, सातपूर

लावून बघा. हीटर ९ ओमचा, चार्जिंग १४ व्होल्ट. १४ गुणिले १४ भागिले ९, म्हणजे जवळजवळ २२ वॉट. पाव वॉटचा रेझिस्टर कोळसा होईल, आणि पंचवीस वॉटवाला सीटखाली तव्यासारखा तापेल. एक किलो-ओमचा लावला तर तापणार नाही, पण करंट १४ मिलिअँपिअर, आणि ईसीयू म्हणेल सर्किट तुटलं. खरा हीटर तापला की त्याचा ओम वाढतो आणि करंट उतरतो. रेझिस्टर तसं वागत नाही. शिवाय सिग्नल नसला की गाडी कायम ओपन लूपमध्ये (सेन्सर न बघता पेट्रोल सोडत), म्हणजे पीयूसीच्या दिवशी परत धावपळ. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) मध्ये २०१९ नंतर दंड दहा हजारांपर्यंत गेलाय, तोही हिशोबात धरा.

निळी जिक्सर, पाथर्डी फाटा

सुझुकी जीएसएक्स-आरवाल्यांसाठी. सीटखाली सहा पिनांचा पांढरा कपलर असतो. त्यातली पांढरी-लाल आणि काळी-पांढरी वायर जोडली की गाडी डीलर मोडमध्ये जाते. इंजिन सुरू करा, सुरू होत नसेल तर चार सेकंदांहून जास्त क्रँक द्या, मीटरवर सी-कोड येतात. सी०० म्हणजे सध्या दोष नाही. बदल केलेल्या गाडीत नेहमी दिसणारे तीन: सी४४ ओटू सेन्सर, सी४६ एक्झॉस्ट व्हॉल्व्हची मोटर, सी४९ पेअर व्हॉल्व्ह (एक्झॉस्टमध्ये ताजी हवा सोडणारा).

सी४६ ला सोपा इलाज आहे. फुल सिस्टीममध्ये व्हॉल्व्ह नसतो म्हणून लोक मोटरच काढून टाकतात. मोटर जागेवर राहू द्या, कपलर लावलेला ठेवा, फक्त केबली काढा. किल्ली चालू केल्यावर ती नेहमीसारखी फिरते, आतला पोटेन्शिओमीटर योग्य व्होल्टेज देतो आणि ईसीयू गप्प बसतो. सी४९ चंही तसंच: हवेची नळी बंद करायची असेल तर करा, पण सोलेनॉईडचा कपलर काढू नका. त्याची कॉईल २० ते २४ ओम दाखवायला हवी.

कोडच्या आधीची आडवी रेघ कोणी बघत नाही. ती थ्रॉटल सेन्सरची आहे. गरम इंजिन, बरोबर आयडल आणि रेघ मधोमध, हे हवं. वर किंवा खाली असेल तर सेन्सर सरकवावा लागतो. आणि सी०० दिसलं म्हणजे सगळं पुसलं असं नाही. जुना इतिहास ईसीयूत राहतो, तो सुझुकीच्या एसडीएस या निदान यंत्रानेच जातो.

आडगाव नाका

यामाहा आर६, आर१ (यंत्राशिवाय): पेट्रोल पंपाचा कपलर काढा. सिलेक्ट आणि रिसेट दोन्ही दाबून ठेवून किल्ली चालू करा, आठ सेकंद सोडू नका. डायग मोड निवडून दोन्ही बटणं परत दोन सेकंद. ६१ वर कोडचा इतिहास. ६२ वर जाऊन किल स्विच ऑफवरून ऑन केला की पुसला. पंपाचा कपलर परत लावा.

जुना सीबीआर, नाशिकरोड

होंडा सीबीआर२५०आर, २०११ पासूनची. मीटरवर कोड आकड्यात येत नाही, दिवा मिचकावतो. लांब मिचकावणं म्हणजे दहा, आखूड म्हणजे एक. दोन लांब एक आखूड, म्हणजे २१, ओटू सेन्सर. १२ इंजेक्टर, ८ थ्रॉटल, ९ हवेचं तापमान, २९ आयडल व्हॉल्व्ह, ५४ गाडी आडवी झाल्याचा सेन्सर. टेल टायडी करताना सगळं खोलून परत बांधलेल्या गाडीत ५४ आला तर सेन्सरचा कपलर आणि तो उलटा बसवलाय का, हे पहिलं बघा.

पुसायची पद्धत: किल्ली बंद असताना निदान कपलरमधली तपकिरी आणि हिरवी वायर जोडा. किल्ली चालू करा. जोड काढा. दिवा सुमारे पाच सेकंद लागलेला राहतो, तेवढ्यात जोड परत लावा. दिवा विझून मिचकायला लागला की कोड पुसले. नुसताच लागून राहिला तर पुसले नाहीत, पहिल्यापासून करा. पाच सेकंदांचा हा खेळ वायरीच्या तुकड्याने जमत नाही. दोन पिना सोल्डर करून छोटा प्लग बनवून ठेवा.

एबीएसवाला, पंचवटी

इंजिनचा दिवा आणि एबीएसचा दिवा वेगळे. स्वस्त यंत्रं साध्या ॲपवर फक्त इंजिनचा ईसीयू वाचतात, त्यामुळे "कोडच नाही" असं दाखवतात.

पॅडॉक स्टँडवर चेनला वंगण लावताना इंजिनवर मागचं चाक फिरवलं की पुढचं उभं, मागचं पळतंय, मग एबीएस आणि ट्रॅक्शनचा दिवा लागणारच. किल्ली बंद-चालू करून थोडं चालवलं की बहुतेक गाड्यांत जातो. नाही गेला तर खरा दोष शोधा: चाकाचा सेन्सर आणि त्याच्या दातेरी रिंगमधलं अंतर (मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं, साधारण एक मिलिमीटरच्या आसपास), रिंग वाकली का, सेन्सरच्या टोकाला लोखंडाचा कीस चिकटलाय का. वॉशिंग सेंटरच्या प्रेशर गनने सेन्सरची वायर धुऊ नये, हे सांगायला लागू नये, पण लागतं. मागे रुंद टायर टाकलात तर दोन चाकांच्या परिघाचं गणित बिघडतं. तो कोड कितीही वेळा पुसा, परत येणार.

सोल्डर आणि श्रिंक, अंबड

टेल टायडी आणि एलईडी. मूळ बल्ब १० वॉटचा, एलईडी एक-दोन वॉटचा, म्हणून गाडीला वाटतं बल्ब गेला. वेगळा फ्लॅशर असलेल्या गाडीत एलईडीचा फ्लॅशर बदला, विषय संपला. फ्लॅशर नसलेल्या, सगळं कंट्रोलरमधून चालणाऱ्या गाडीत बल्बला समांतर रेझिस्टर लागतो: २२ ओम, २५ वॉट, आणि तो सबफ्रेमच्या धातूवर कसायचा, प्लास्टिकला झिप टायने बांधायचा नाही.

चोरटे जोड (वायर न सोलता चिमटून बसवायचे) लावू नका. ते वायरीची बाहेरची कातडी फाडून आतल्या तारा अर्ध्या कापतात. त्र्यंबक-इगतपुरी पट्ट्यात एक पावसाळा काढला की आत हिरवा गंज, मग ओल असेल तेव्हाच कोड. वायर सोलून पिळा, सोल्डर करा, गोंदवालं हीट श्रिंक चढवा.

एकाच वेळी पाच-सहा असंबद्ध कोड आले तर सेन्सरच्या मागे धावू नका. बॅटरी बघा. गार गाडीला १२.६, क्रँक करताना साडेनऊच्या खाली नको, पाच हजार आरपीएमला १३.८ ते १४.५. नंतर इंजिनची अर्थ: मीटरची एक टोकाची तार बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी इंजिनच्या केसिंगला, आणि क्रँक. ०.३ व्होल्टपेक्षा जास्त आलं तर अर्थची लग साफ करा. कॅनवर (सगळे कंट्रोलर एकमेकांशी बोलतात त्या दोन वायरींवर) चालणाऱ्या गाडीत बॅटरी काढून कॅन-हाय आणि कॅन-लो मध्ये ६० ओम यायला हवेत. १२० आले तर एका टोकाचा जोड सुटलाय.

लाईव्ह डेटा, गंगापूर रोड

दोन आकडे लक्षात ठेवा. किल्ली चालू, इंजिन बंद, मॅप सेन्सर (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा): नाशिकमध्ये ९३ ते ९५ किलोपास्कल दिसायला हवा. आपण समुद्रसपाटीपासून पावणेसहाशे-सहाशे मीटरवर आहोत, १०१ मुंबईचा आकडा. इथे १०१ दाखवत असेल तर सेन्सरवर संशय घ्या, आणि इंजिन सुरू केल्यावर आकडा खाली येतच नसेल तर व्हॅक्यूमची नळी निसटलीये.

दुसरा, तापमान. हवेचं किंवा पाण्याचं उणे ४० दिसलं तर सेन्सरचं सर्किट उघडं आहे, बहुतेक वेळा एअरबॉक्स काढताना कपलर तसाच लोंबत राहिलेला असतो. तो लावून मगच पी०११३ किंवा पी०११८ पुसा.

पिगीबॅक असेल तर किटबरोबर आलेला बायपास कपलर जपून ठेवा. तो लावून गाडी चालवली आणि कोड आला नाही, तर दोष पिगीबॅकच्या जोडात. तरीही आला तर इंजेक्टर मोजा, ११ ते १३ ओम. पिगीबॅकवाले अर्थ कधीकधी फ्रेमला घेतात. ती थेट बॅटरीला न्या.

गिअर पाच, इंदिरानगर

बायपास लावला. पी०२०१ (इंजेक्टरचा कोड) गेला. पिगीबॅकच्या इंजेक्टर कपलरची एक पिन आत वाकलेली होती, सरळ करून परत बसवला.