‘वैध’, ‘ग्राह्य’ की ‘बरोबर’? आवृत्ती क्रमांक तपासताना

प्रश्न : दिलेला मजकूर सॉफ्टवेअरचा आवृत्ती क्रमांक आहे की नाही, हे तपासणाऱ्या फंक्शनची माहिती मी मराठीत लिहीत आहे. अशा मजकुराला ‘वैध’ म्हणावे, ‘ग्राह्य’ म्हणावे, की ‘बरोबर’ म्हटल्याने भागेल?

उत्तर : ‘बरोबर’ टाळावे. ९९.०.० हा क्रमांक रूपाने निर्दोष असला, तरी त्या सॉफ्टवेअरची अशी आवृत्ती कधी निघालीच नसेल, आणि ‘बरोबर’ म्हटले की ती निघाली आहे असा समज होतो. ‘वैध’ हा शब्द ‘विधी’वरून आला आहे, म्हणून कोणत्या नियमानुसार वैध, हे सांगितल्याखेरीज तो अपुराच राहतो. सिमँटिक व्हर्जनिंग २.०.० या, आवृत्ती क्रमांक टिंबांनी जोडलेल्या तीन भागांत लिहिण्याच्या संकेतानुसार १.४.० वैध आहे; पण १.४ मध्ये तिसरा भाग नाही आणि १.०४.० मध्ये चारच्या आधी अनावश्यक शून्य आहे, त्यामुळे ते दोन्ही अवैध ठरतात. पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेच्या पेप ४४० या आवृत्ती क्रमांकांविषयीच्या नियमावलीनुसार मात्र १.४ निःसंशय वैध आहे.

‘ग्राह्य’ची जागा वेगळी आहे, आणि ती जपावी असे मला मनापासून वाटते. जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोडच्या, आवृत्ती क्रमांक हाताळणाऱ्या सेमव्हर लायब्ररीतील ‘व्हॅलिड’ हे फंक्शन आकड्यांपूर्वी ‘व्ही’ हे अक्षर असलेला क्रमांकही स्वीकारते आणि ते अक्षर काढून उरलेला क्रमांक परत देते. मूळ सिमँटिक व्हर्जनिंगच्या संकेतानुसार ‘व्ही’सकटचा मजकूर आवृत्ती क्रमांक नव्हे, म्हणजे तो येथे ग्राह्य आहे, वैध नाही.

पुरवणी प्रश्न : मी पायथॉनमध्ये रेगेक्स, म्हणजे मजकुराचा साचा जुळवणारे सूत्र, वापरतो. त्यात अंकासाठीचे बॅकस्लॅश-डी हे चिन्ह लिहिले, तर ‘अंक’ एवढे म्हणणे पुरेसे आहे ना?

उत्तर : नाही, आणि मराठीत लिहिताना तर मुळीच नाही. पायथॉन ३ मध्ये साध्या स्ट्रिंगवर (मजकुरावर) बॅकस्लॅश-डी युनिकोडमधील, म्हणजे सर्व लिप्यांच्या सामाईक चिन्हसंचातील, सर्व दशमान अंकांशी जुळते, त्यामुळे देवनागरीत टंकलेला १.४.० सुद्धा तपासणीतून सुटतो, जरी सिमँटिक व्हर्जनिंगच्या व्याकरणात फक्त आस्कीमधील (मूळ इंग्रजी चिन्हसंचातील) दहा अंक असले तरी. जावास्क्रिप्टमध्ये हे घडत नाही. म्हणून ‘आस्की अंक’ असेच लिहावे, कोडमध्ये चौकटी कंसात शून्य ते नऊ ही मर्यादा घालावी, आणि ‘मॅच’ऐवजी संपूर्ण मजकूर जुळण्याची अट घालणारे ‘फुलमॅच’ हे फंक्शन वापरावे. नाहीतर रेगेक्सच्या शेवटी मजकुराचा शेवट दाखवणारे डॉलर चिन्ह असूनही क्रमांकामागचे नव्या ओळीचे चिन्ह नजरेतून निसटते.