पट्टीच्या टॅबची लिंक पाठवली तरी मालकांना 'आवक'च दिसते

हळदपेठ_सांगली
सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका हळद अडत्यासाठी रिॲक्टमध्ये (जावास्क्रिप्टची लायब्ररी) वेब ॲप करतोय. शेतकऱ्याचं खातं उघडलं की चार टॅब: आवक, सौदे, पट्टी (विक्रीचा हिशेब), उचल (आगाऊ घेतलेले पैसे). सौदे आटोपले की दिवाणजी पट्टीवर येतात आणि वरची लिंक मालकांना व्हॉट्सॲपवर टाकतात. मालकांच्या फोनवर मात्र 'आवक' उघडते. रिफ्रेश केलं तरी तेच. निवडलेला टॅब सध्या युजस्टेटमध्ये, म्हणजे पानाच्या तात्पुरत्या स्मृतीत आहे. तो लोकलस्टोरेजमध्ये (ब्राउझरच्या साठ्यात) ठेवू की यूआरएलमध्ये (पानाच्या पत्त्यात)? यूआरएलमध्ये ठेवला तर हॅशनंतर (#) की प्रश्नचिन्हानंतर?

मिरजेची_वेबवाली
लोकलस्टोरेज त्या एका ब्राउझरपुरतं. रिफ्रेशचं दुखणं जाईल, मालकांना काडीचा उपयोग नाही. यूआरएलमध्येच ठेवा. हॅश सोपा, पण त्याच्या पुढचा भाग सर्व्हरकडे जातच नाही. उद्या पट्टीचं पान सर्व्हरवर तयार करायचं ठरलं तर अडाल. म्हणून क्वेरी पॅरामीटर, म्हणजे प्रश्नचिन्हानंतरचा भाग.

त्यात देवनागरी शब्द घालू नका. एन्कोड झालं (पत्त्यात चालणाऱ्या चिन्हांत बदललं) की एकेका चिन्हाची ९ अक्षरं होतात. 'पट्टी'त जोडाक्षराचा हलन्त धरून ५ चिन्हं, म्हणजे ४५ अक्षरांची माळ. व्हॉट्सॲपवर कोणाला कळणार ती कशाची लिंक? रोमन लिपीतला छोटा कोड ठेवा आणि तो पुन्हा कधी बदलू नका. टॅबचा क्रमांक तर नकोच. मध्येच 'वजन' टॅब आला की जुन्या लिंका भलतीकडेच उघडतील.

हळदपेठ_सांगली
पटलं. दिवाणजींचं आणखी एक गाऱ्हाणं: बॅक दाबलं की आधीच्या टॅबवर न जाता थेट शेतकऱ्यांच्या यादीवर जातं. पुशस्टेट (ब्राउझरच्या इतिहासात नवी नोंद) की रिप्लेसस्टेट (आहे तीच नोंद बदलणं)?

मिरजेची_वेबवाली
यावर मतं दोन आहेत. टॅब म्हणजे त्याच पानाचे कप्पे असतील तर रिप्लेस ठीक. पण अडतीत पट्टी आणि उचल हे वेगवेगळे कागद. दिवाणजी एकातून दुसऱ्यात जातात ते ताळा करायला. तेव्हा टॅबला पुशस्टेट. तारखेची गाळणी आणि क्रमवारी यांना रिप्लेसस्टेट, नाहीतर यादीवर परतायला बॅक दाबून बोट दुखेल.

रिॲक्ट राउटर (पत्ते सांभाळणारी लायब्ररी) असेल तर त्यातलं युजसर्चपॅराम्स वापरा; ते क्वेरी पॅरामीटर वाचतं आणि बदलतं. त्याचं सेटर (बदल करणारं फंक्शन) मुळात पुशच करतं, रिप्लेस हवं तिथं तसं सांगावं लागतं. आणि नवा ऑब्जेक्ट नुसता दिला तर आधीचे पॅरामीटर पुसले जातात: टॅब बदलला की तारीख गेली! जुने वाचून त्यातलं एकच बदला. युजस्टेटमधली प्रत काढून टाका. टॅब कुठला, हे फक्त यूआरएल सांगेल.

कृष्णाकाठ
लिंक फॉरवर्ड होत कुठंही पोचते. शेतकऱ्याचं नाव, मोबाइल नंबर त्यात नको. सर्व्हरच्या लॉगमध्येही ते राहतात. उघडणाऱ्याला ती पट्टी बघायचा हक्क आहे का, हे सर्व्हरवर दर वेळी तपासा. आणि लॉगिन संपलेलं असेल तर लॉगिननंतर प्रश्नचिन्हापुढच्या भागासकट त्याच पत्त्यावर आणा, नाहीतर मालक परत 'आवके'वर.

हळदपेठ_सांगली
मालकांचं लॉगिन रोज रात्री संपतं, तेव्हा आधी तेच करतो. लिंक अर्धवट कॉपी झाली आणि टॅबचा कोड ओळखीचा नसेल तर?

मिरजेची_वेबवाली
'आवक' दाखवा आणि पत्ता रिप्लेसने दुरुस्त करा. तिथं पुश केलंत तर बॅक दाबल्यावर पुन्हा त्याच तुटक्या पत्त्यावर जाल.