मदत हवी: लिनक्सवर जपानी कीबोर्ड, इंग्रजी आणि मराठीला दोन वेगळी बटणं कशी लावू?

नमस्कार मंडळी,
मी योकोहामाला राहते, इथलाच जपानी मांडणीचा यूएसबी कीबोर्ड वापरते. लिनक्स मिंट, एक्सएफसीई डेस्कटॉप, एक्स११ (पडदा आणि कीबोर्ड सांभाळणारी यंत्रणा). लेआउट दोन, यूएस इंग्रजी आणि मराठी इनस्क्रिप्ट (भारतीय भाषांची प्रमाण मांडणी).

या कीबोर्डचा स्पेसबार आखूड असतो, त्याच्या डावीकडे मुहेन्कान आणि उजवीकडे हेन्कान अशी दोन जास्तीची बटणं, बरोबर अंगठ्याखाली येतात. जपानी टायपिंग मी करत नाही त्यामुळे ती नुसतीच पडून आहेत. मला एवढंच हवंय की मुहेन्कान दाबलं की इंग्रजी, हेन्कान दाबलं की मराठी, आधी काहीही चालू असो. मॅकच्या जपानी कीबोर्डवर नेमकं असंच आहे, डावीकडे एइसू उजवीकडे काना, आणि त्याची सवय लागली की ऑल्ट-शिफ्टचं टॉगल नको वाटतं, कारण आत्ता कुठला लेआउट आहे ते दर वेळी आधी बघावं लागतं, नाही बघितलं तर एम-ए-आय-एल दाबावं आणि 'सोगत' उमटावं. पासवर्ड टाकताना तर नुसते ठिपकेच दिसतात, काही कळतच नाही.

एक्सईव्हीमध्ये (दाबलेल्या बटणाचा क्रमांक दाखवणारा प्रोग्रॅम) दोन्ही बटणं दिसतात, मुहेन्कान १०२, हेन्कान १००. एक्समॉडमॅपने (बटणांचं काम बदलणारी कमांड) जमलं, पण कीबोर्ड काढून परत लावला की सगळं जातं. लॉगिनला चालणारी स्क्रिप्ट लावली तरी उपयोग नाही, कारण कीबोर्ड मी दिवसातून कितीदा तरी काढते.

अजून एक, बॅकस्पेसच्या डावीकडचं येनचं बटण (१३२) दोन्ही लेआउटमध्ये मुकं आहे. तिथे ॲ हवाय. ॲप, ॲडमिशन, ॲसिडिटी, रोज लागतो. अ ला वर चंद्र जोडला तर दिसायला तसाच दिसतो पण शोधताना जुळत नाही, म्हणून एकसंध ॲ च पाहिजे.

प्रतिसाद १
ताई, एक्समॉडमॅप सोडा. कीबोर्ड परत लावला की एक्स त्याला नवीन समजून डिफॉल्ट मांडणी देतो. बटणं त्याच्याही खाली, युडेव्हच्या (जोडलेली उपकरणं ओळखणारी यंत्रणा) एचडब्ल्यूडीबीत, म्हणजे तिच्या हार्डवेअरच्या यादीत बदला. ईटीसी > युडेव्ह > एचडब्ल्यूडीबी.डी मध्ये फाइल करा, पहिल्या ओळीत व्हेंडर आणि प्रॉडक्ट आयडी. एलएसयूएसबी ही कमांड ते स्मॉल अक्षरांत दाखवते, इथे कॅपिटल करा नाहीतर जुळतच नाही. खालच्या ओळी एक स्पेस सोडून सुरू करायच्या: ७००८बी (मुहेन्कानचा कोड) ला लेफ्टमेटा म्हणजे डावं विंडोज बटण, ७००८ए (हेन्कानचा कोड) ला राइटमेटा म्हणजे उजवं. मग सिस्टमडी-एचडब्ल्यूडीबी अपडेट चालवून कीबोर्ड काढून लावा.

आता ईटीसी > डिफॉल्ट मधल्या कीबोर्ड नावाच्या फाइलमध्ये दोन्ही लेआउट आणि 'विन-मेनू-स्विच' हा ऑप्शन टाका, त्यात डावं विंडोज बटण पहिल्या लेआउटवर नेतं आणि उजवं शेवटच्या. एक्सएफसीईच्या कीबोर्ड सेटिंगमध्ये सिस्टिम डिफॉल्टवर टिक हवी, नाहीतर ते आपलंच चालवतं. तोटा एकच, तुमचं खरं डावं विंडोज बटणही इंग्रजीवरच नेईल.

येनसाठी एक्सकेबीच्या (एक्सची कीबोर्ड मांडणी ठरवणारा भाग) सिम्बॉल्स फोल्डरमधल्या 'इन' या भारताच्या फाइलमध्ये मराठीच्या भागात एई१३ (येन बटणाचं तिथलं नाव) ला यू०९७२ (ॲ चा युनिकोड क्रमांक) द्या.

मूळ धागाकर्ती
मनापासून आभार, चाललं! कीबोर्ड काढून लावला, रीस्टार्ट केलं, दोन्ही बटणं जागच्या जागी. विंडोज बटणाने उघडणारा मेनू ऑल्ट-एफ१ वर टाकला. येनवर ॲ पण आला. पण ती 'इन' फाइल एक्सकेबी-डेटा पॅकेजची आहे, म्हणजे अपडेट आलं की माझी ओळ पुसली जाणार. एक्स११ वरच राहून ती ओळ टिकवायचा उपाय कोणी केलाय का?