‘फुकट’ म्हातारा घोडा : सांभाळायला देणं की गळ्यात मारणं?

पागेकरी_मुळशी

परवा इथं एक पोस्ट पडली. सुटली असेल त्यांच्यासाठी थोडक्यात: रेसमधून निवृत्त थरोब्रेड (शर्यतीच्या जातीचा घोडा), कुमैत (लालसर तपकिरी), खच्ची केलेला, वय १९. ‘स्वभावानं गरीब, मुलांसाठी उत्तम, मागच्या पायात किंचित कडकपणा, हलक्या रपेटीला चालेल. विकायचा नाही, सांभाळायला द्यायचाय. मालकी आमचीच राहील, खर्च सांभाळणाऱ्यानं करायचा. फक्त प्रेमळ घर हवं.’ खाली बदामांचा पाऊस. दोन दिवस गप्प बसलो. आज नालबंदाचे पैसे मोजताना पुन्हा आठवलं आणि डोकं फिरलं.

माझ्याकडे सहा घोडी आहेत. बारावीचा निकाल लागला की मला असे फोन सुरू होतात. पोरगी शिकायला बाहेर चालली, घोडा राहिला मागे. मग ‘दादा, तुमच्याकडे जागा भरपूर आहे ना?’ जागा आहे हो. पण घोडा जागा खात नाही. सव्वाचारशे किलोचं जनावर दिवसाला आठ-नऊ किलो सुका चारा खातं, तीस-चाळीस लिटर पाणी पितं. पाच-सहा आठवड्यांनी नालबंद. आणि एकोणिसाव्या वर्षी दात. गव्हाणीखाली अर्धवट चावलेल्या गवताच्या ओल्या गोळ्या पडलेल्या दिसल्या की समजायचं, दाढा गेल्या. तिथून पुढं कडबा बंद, सगळं भिजवून, कालवून घालायचं, दिवसातून चार वेळा. ते कोण करणार? प्रेमळ घर?

‘किंचित कडकपणा’ हा तर माझा लाडका शब्द. म्हणजे सकाळी तबेल्यातून निघताना घोडा मागचा खूर फरफटत येतो, दहा मिनिटं चालवला की मोकळा होतो, आणि मग व्हिडिओ काढला जातो.

गावाकडं गाय अर्धलीनं दिली तरी सांभाळणाऱ्याला वासराचा वाटा असतो. खच्ची घोड्याच्या अर्धलीत काय मिळणार, लीद? मालकी ठेवायची तर दरमहा निम्मा खर्च पाठवा. आणि रात्री दोनला पोटशूळ उठून डॉक्टर म्हणाले की आता इंजेक्शन देऊन कायमचा झोपवावाच लागेल, तर ‘हो’ कोण म्हणणार ते आत्ताच कागदावर लिहा. नाहीतर सरळ सांगा की म्हातारपणाचं बिल दुसऱ्याच्या नावावर फाडायचंय. माथेरानच्या चढावर दिवसाला आठ फेऱ्या मारणाऱ्या घोड्याचा मालक निदान प्रेमाच्या गप्पा तरी मारत नाही.

कोथरूडची_आई

ती पोस्ट माझी. एकशे चाळीस लोकांनी बदाम दिले आणि एकानं जोडा मारला, तर उत्तर जोडेवाल्यालाच देते.

गुंड्याला आम्ही आठ वर्षं सांभाळलं. आमचं फार्महाऊस नाही, दोघांचे पगार आहेत. क्लबनं ठेवण्याचे पैसे वर्षभरात दोनदा वाढवले. मार्चमध्ये एक वरातवाला येऊन तीस हजार रोख देत होता. पांढरा नाही तरी चालेल म्हणाला, झूल घातल्यावर कळत नाही. मी नाही म्हटलं. पैसे घेऊन विकला असता तर तुम्हाला पत्ताही लागला नसता आणि हा निबंधही लिहावा लागला नसता. विकला नाही म्हणून बोलणी खातेय. मालकी कशासाठी ठेवली? उद्या कोणी त्याला वरातीत जुंपू नये म्हणून. त्यात लबाडी कुठं दिसली तुम्हाला?

नेरळकर

पागेकरी, शेवटचं वाक्य परत वाचा. तुमचं भांडण कोथरूडशी, मधे माथेरान कशाला?

माझ्या आज्यापासून आमची घोडी वर चालतात. आठ फेऱ्या कोणी मोजल्या? दस्तुरी नाक्यावर, माथेरानला गाड्या थांबतात तिथं, कधी उभे राहिलात का? घोड्यांना नंबर आहेत, तपासणी आहे. क्रूरपणाच बघायचा असेल तर शंभर किलोचा पाहुणा बघा, जो म्हणतो ‘पैसे दिलेत, बसणारच.’ आम्ही नाही म्हटलं की रिव्ह्यूमध्ये शिव्या.

प्राणीमित्र_ठाणे

दोघांनाही प्रश्न आहे. पाठीवर बसायचंच कशाला? मुंबईतल्या व्हिक्टोरिया घोडागाड्या हायकोर्टानं २०१५ मध्ये बेकायदा ठरवल्या, तेव्हाही हाच आरडाओरडा झाला होता. माथेरानलाही ई-रिक्षा आल्यात. घोडा हौसेसाठी घ्यायचा, तो म्हातारा झाला की नवं घर शोधायचं, आणि याला प्रेम म्हणायचं! मुळात हौसच बंद करा.

नेरळकर

आले! वाटच बघत होतो.

व्हिक्टोरियाची घोडी बंदीनंतर कुठं गेली, ते एकदा शोधून या. टांगेवाल्याला पर्यायाचं आश्वासन तरी मिळालं, घोड्याला काय मिळालं? आणि माथेरानचं ऐका. सुप्रीम कोर्टानं ऑगस्ट २०२५ मध्ये हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा म्हणून सांगितलं. ते बरोबरच, माणसानं माणसाला ओढू नये. पण त्याच खटल्यात रस्त्यावरच्या पेव्हर ब्लॉकचा वादही होता. आम्ही बोंबलत होतो की पावसात त्यावर नालेचा पाय सरकतो. शहरातल्या लोकांना वाटलं घोडेवाले विकासाच्या आड येतायत. लाल मातीत टाप रुतते, ब्लॉकवर घसरते, एवढं कळायला न्यायालय लागत नाही, एकदा घोड्यामागं चालत उतरावं लागतं.

प्राणीमित्र_ठाणे

तेच म्हणतोय. घसरतोय ना? मग आणू नका.

नेरळकर

आणि खायला काय घालू, तुमची कॉमेंट?

पागेकरी_मुळशी

नेरळकर, आठ हा आकडा माझ्या मनाचा होता, मागे घेतला. पण वजनाचं काय? घोड्याच्या वजनाच्या वीस टक्के ओझं, खोगिरासकट, हा जगभरचा ढोबळ हिशेब. तुमचं तट्टू तीनशे किलोचं, म्हणजे साठ किलो. खोगीर काढलं तर पन्नासचा माणूस. असे पाहुणे किती येतात?

नेरळकर

आणि तुमच्या मुळशीत वीकेंडला आयटीवाले येतात ते काय पन्नास किलोचे असतात? तुमच्या पेजवरचे फोटो बघितलेत मी.

पागेकरी_मुळशी

माझी घोडी सोळा हात (घोड्याच्या मापाचा हात, चार इंचांचा) उंच आहेत. तरी पंच्याऐंशीच्या वर मी बसवत नाही, गेटवर काटा ठेवलाय. या आणि बघा.

नेरळकर

येईन. काटा बरोबर आहे का तेही बघेन.

लीड्सची_वहिनी

घोड्यावर येऊया का? मी इथं यॉर्कशरला बारा वर्षं आहे आणि स्वतः एक घोडी अशीच दुसऱ्याकडून सांभाळायला घेतली आहे. इकडे हा रोजचा प्रकार आहे, कोणी कोणाला शिव्या देत नाही. ब्रिटिश हॉर्स सोसायटीचा कराराचा नमुना मिळतो. घोडा कुठं राहील, कोण बसेल, नाल-दात-लस कोणाचं, विमा कोणाचा, किती दिवसांची नोटीस, सगळं त्यात. घोड्याचा पासपोर्ट, म्हणजे ओळखीचं पुस्तक, घोड्याबरोबर जातो. ऑक्टोबर २०२० पासून इंग्लंडमध्ये प्रत्येक घोड्याला ओळखीची चिपही सक्तीची झाली. मुख्य म्हणजे २००६ च्या प्राणीकल्याण कायद्यानं मालक हा कायम जबाबदारच धरला जातो. दुसऱ्याकडे दिला म्हणून सुटका नाही. आधी महिनाभर चाचणी ठेवतात, पटलं नाही तर परत. खर्च मात्र इकडेही बहुतेक वेळा सांभाळणाराच करतो, पागेकरीदादा. त्या बदल्यात त्याला घोडा न विकत घेता बसायला मिळतो.

पागेकरी_मुळशी

वहिनी, ‘बसायला मिळतो’ म्हणालात ना, तिथंच माझा मुद्दा आहे. दहा वर्षांच्या घोड्यावर बसायला मिळतं. एकोणिसाव्या वर्षी सांधे गेलेल्यावर काय मिळतं? शेजार. आणि इथं करार मोडला तर तालुक्याच्या कोर्टात तारखा घेत बसू, तोवर गुंड्याचं तेरावं होईल.

रेवा_सातारा

कराराची थट्टा करू नका. माझ्याकडे करार नव्हता.

२०१९ ला माझी घोडी एका फार्महाऊसवर दिली. सतरा वर्षांची. माणूस गोड बोलायचा, मुलगा लहान, दोन एकर गवत. पहिले तीन महिने रोज फोटो. मग आठवड्याला. मग ‘रेंज नाही ताई.’ पुढच्या लग्नसराईत मावसबहिणीनं एका वरातीचा व्हिडिओ पाठवला, दुसऱ्याच जिल्ह्यातला. डोक्यावर तुरा, अंगावर लाइटची झूल, बाजूला डीजे. डाव्या नाकपुडीवर गुलाबी डाग, वर अर्धा पांढरा. तो डाग मी सहा वर्षं रोज सकाळी ओल्या फडक्यानं पुसलाय. व्हिडिओ तीनदा बघितला, चौथ्यांदा बघवला नाही. मागचे पाय उचलत नव्हती, ओढत होती.

दोन दिवस फिरून घोडी सापडली. वरातवाला म्हणाला, मी पैसे देऊन घेतलीय, तुमचा कागद दाखवा. कागद कुठला? मी पैसे देऊन माझीच घोडी परत घेतली. पाच महिने जगली.

कोथरूडच्या ताई, तुमचा हेतू चांगलाच आहे. माझाही होता.

कोथरूडची_आई

वाचून हात गार पडले. आम्ही पण ‘बघू, कागद नंतर करू’ असंच म्हणत होतो.

घोड्यांचा_डॉक्टर

मी या धाग्यात पडणार नव्हतो, पण ‘हलक्या रपेटीला चालेल’ हे वाक्य रोज ऐकतो.

पहिलं, संधिवाताच्या घोड्याला उभा करून ठेवणं हा उपाय नाही. ‘घोडा का अडला, भाकरी का करपली? न फिरवल्यामुळे’ हे लहानपणी पाठ केलंय ना? तेच. रोज चालवा, सपाट आणि मऊ जमिनीवर. त्यामुळे पागेकरींचं ‘बसायला मिळत नाही’ हे पूर्ण खरं नाही. हलक्या मुलानं वीस मिनिटं चालत फिरवलं तर अशा बऱ्याच घोड्यांना फायदाच होतो. दुखण्याची पावडर घालून दुडक्या चालीनं पळवला तर नाही. पावडरीनं लंगडणं झाकतं, सांधा तोच राहतो, आणि महिनोन्‌महिने दिली की पोटात अल्सर.

दुसरं, घोडा नव्या जागी हलवण्याआधी ग्लँडर्सची (घोड्यांचा एक संसर्गजन्य रोग) रक्ततपासणी करा. नमुन्याची पक्की तपासणी हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात होते. पॉझिटिव्ह निघाला तर कायद्यानं तो घोडा मारावा लागतो, आणि हा रोग माणसालाही होतो. ज्याच्याकडे सहा घोडी आहेत त्याच्या दारात तपासणीशिवाय सातवा आणून उभा करणं म्हणजे पाप.

तिसरं, थरोब्रेड असेल तर ओळखीची कागदपत्रं कुठंतरी असणारच. थरोब्रेडची नोंद ठेवणारी स्टड बुक अथॉरिटी पुण्यातच आहे. ती शोधा आणि क्रमांक करारात घाला, म्हणजे ‘तुमचाच कशावरून’ हा प्रश्न उरत नाही.

आणि झोपवण्याचा निर्णय. त्यावर भांडणारे मालक आणि सांभाळणारे मी पहाटे तीनला बघितलेत. घोडा लोळतोय, हिरड्या जांभळ्या पडल्यात, मालकाचा फोन बंद, आणि सांभाळणारा म्हणतोय ‘माझा नाही, मी कसं सांगू?’ त्या दिवशी मी दीड तास थांबलो. तो दीड तास घोड्यानं भोगला. करारात एकच वाक्य पुरतं: मालक अर्ध्या तासात सापडला नाही तर डॉक्टरांचं मत अंतिम.

मावळचा_शेतकरी

पागेकरी ‘शेजार’ म्हणून हसले, पण शेजाराला किंमत असते. माझ्याकडे एकटं शिंगरू होतं, दिवसभर कुंपणाला पळायचं, रात्री खिंकाळून झोपू द्यायचं नाही. एकानं बावीस वर्षांची घोडी आणून सोडली. आठवड्यात शिंगरू गार. चावायला गेलं की कान मागं टाकून एक लाथ, संपलं. मी तिच्यावर एकदाही बसलो नाही. गवत माझं, नालबंद आणि औषध मालकाचं. चार वर्षं चाललं, कागद नव्हता.

पागेकरी_मुळशी

म्हणजे औषध मालकाचंच ना? मी वेगळं काय म्हणतोय!

मावळचा_शेतकरी

तुम्ही तेच म्हणताय, फक्त ओरडून.

प्राणीमित्र_ठाणे

एकालाही वाटत नाही का, की घोडा पाळायचाच नाही?

नेरळकर

ठाणेकर, तुम्ही घ्या ना गुंड्याला. फुकट आहे. प्रेमळ घर आहे तुमच्याकडे. किती मजल्यावर?

प्राणीमित्र_ठाणे

सातव्या. आणि टोमणा कळला. चाऱ्याला महिना दोन हजार देईन, पण कोणी त्याच्या पाठीवर बसायचं नाही.

नेरळकर

बघा, माणूस अगदीच वाया गेलेला नाही.

कोथरूडची_आई

ठीक आहे. पोस्ट बदलते. नालबंद, दात, डॉक्टर आमच्याकडे. चारा सांभाळणाऱ्याकडे, ठाणेकरांचे दोन हजार धरून. झोपवण्याचं वाक्य डॉक्टरांनी सांगितलं तसं. मुलीला विचारलं, ती फोनवर रडली आणि मग म्हणाली की अर्धा तास नको, पंधरा मिनिटं लिही.

पागेकरी, खूष? की आता दाताच्या डॉक्टरांच्या पेट्रोलचे पैसे पण हवेत?

पागेकरी_मुळशी

पेट्रोलचं राहिलंच होतं, बरं झालं आठवण केलीत.

घोडा ठेवतो असं मी म्हटलेलं नाही. पण माझ्याकडे एक तीन वर्षांचं शिंगरू आहे, मावळकरांच्यासारखंच कुंपणाला लागलेलं. ग्लँडर्सचा रिपोर्ट आला की फक्त बघून जाईन. मागच्या पायाचे एक्सरे असतील तर काढून ठेवा.

कोथरूडची_आई

एक्सरे आहेत, दोन्ही हॉकचे (मागच्या पायाच्या मधल्या सांध्याचे). रविवारी या, पण साडेसहाच्या आत. सईस (घोड्याची देखभाल करणारा) त्याला चालवायला काढायच्या आधी. थंड असताना तबेल्यातून कसा बाहेर येतो, तेच बघा.