अंदमानला समुद्राखालून वीज न्यावी का?

तारतंत्री: ओडिशातल्या पारादीपहून अंदमानला समुद्राखालून २५० मेगावॅटची डीसी (एकाच दिशेने वाहणाऱ्या प्रवाहाची) केबल टाकायचा प्रस्ताव आहे. लांबी सुमारे ११५० किमी. माझ्या मते टाकावीच. आज तिथली बहुतेक वीज डिझेलवर होते आणि ते डिझेलही जहाजाने न्यावं लागतं. स्वीडनने गोटलँड बेटाला १९५४ सालीच अशी केबल दिली. आपल्या घारापुरीलाही २०१८मध्ये समुद्राखालून वीज पोचली, तोवर संध्याकाळी काही तास जनरेटर चालायचा. मग अंदमानकरांनीच काय घोडं मारलंय?

डोलकाठी: घारापुरी मध्ये आणू नका हो. ती २२ हजार व्होल्टची, घरातल्यासारख्या एसी (उलटसुलट वाहणाऱ्या) प्रवाहाची केबल, साडेसात किलोमीटर, खाली उथळ खाडी. बंगालच्या उपसागरात वाटेत अडीच-तीन हजार मीटर खोली लागते. इटलीच्या सार्डिनिया बेटाची वीजकेबल १६०० मीटरपर्यंत उतरवली, त्याचंच केवढं कौतुक झालं! टाकताना जहाजापासून तळापर्यंत केबल लोंबत असते. आत तांबं, त्यावर शिसं, वर पोलादी तारांचं चिलखत. मीटरला तीसेक किलो सहज. पाण्यात वजन घटतं हे धरलं, तरी तो सगळा ताण वरच्या टोकावर येतो. चेन्नई-अंदमान इंटरनेटची फायबर केबल २०२०पासून चालू आहे, हे कोणीतरी सांगेलच. ती याच्यापुढे सुतळी आहे.

मीठभाकर: टाकणं जमेलही, तुटल्यावर काय? ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीला तस्मानिया बेटाशी जोडणारी बासलिंक वीजकेबल २० डिसेंबर २०१५ला बंद पडली आणि जून २०१६मध्ये सुरू झाली. बास सामुद्रधुनी जेमतेम ८० मीटर खोल, तरी ही गत. त्यात दुष्काळ, धरणं तळाला. शेवटी डिझेल जनरेटर आणून बसवले.

तारतंत्री: आणि तरीही तेच तस्मानिया आता मॅरिनस लिंक नावाची दुसरी केबल टाकायच्या मागे आहे. एवढा हात पोळूनही त्यांनी केबलचा नाद सोडला नाही, यातच काय ते समजा.

डोलकाठी: त्यांच्या सामुद्रधुनीत २००४सारखा ९.१चा भूकंप होत नाही. २००६मध्ये तैवानजवळच्या भूकंपाने समुद्रतळाचा गाळ घसरला आणि एका रात्रीत कितीतरी दूरसंचार केबली तुटल्या. म्हणजे केबल टाकूनही डिझेलचे संच झाकून ठेवायचेच, मग वाचलं काय? बेटांची मागणी शंभर मेगावॅटच्या आत. तेवढ्यासाठी सौर आणि बॅटरी पुरे.

तारतंत्री: पॅनेल लावणार कुठे? ऐंशी टक्क्यांवर जंगल, त्यात जारवा आदिवासींचं राखीव क्षेत्र. शिवाय मे ते नोव्हेंबर पावसाळी आभाळ. अशा आठवड्यात बॅटरी भरायची कशाने? संच झाकलेले राहिले तर राहू देत, रोज धूर ओकण्यापेक्षा बरे.

मीठभाकर: जंगलाचा मुद्दा मान्य. पण ग्रेट निकोबार बेट पोर्ट ब्लेअरपासून (आताचं श्री विजयपुरम) आणखी पाचेकशे किलोमीटर दक्षिणेला आहे. या केबलने तिथला एक दिवा लागणार नाही, आणि खर्च देशभराच्या पारेषण शुल्कात (वीज वाहून नेण्याच्या आकारात) वाटला तर तो तुमच्या-माझ्या बिलातच येणार. आधी तो आकडा मांडा, मग भांडू.