मदत हवी आहे: धातूच्या थ्रीडी प्रिंटिंगमधले आतले दोष मुलांना कसे दाखवू?

नमस्कार मंडळी. विमानउद्योगात जाऊ पाहणाऱ्या मुलांना मी धातूचं थ्रीडी प्रिंटिंग शिकवते. डिझाइन त्यांना पटकन जमतं. लीप या विमानाच्या जेट इंजिनाच्या इंधन नोझलमध्ये सुमारे २० भागांचा एकच भाग झाला, हे ऐकून डोळे चमकतात!

अडतं ते पुढे. परवा एकाने टायटॅनियमचा ब्रॅकेट स्ट्रेस रिलीफ (तापवून आतला ताण घालवणं) न करताच, ज्या प्लेटवर छापला तिच्यावरून कापला. सुटताच टोकं वर उचलली गेली. हा दोष निदान दिसला. पण आतली छिद्रं? फटीगचा (वारंवार भार पडून येणारा) तडा अनेकदा तिथूनच सुरू होतो, आणि आमच्याकडे सीटी स्कॅनर नाही. नमुने कापून, पॉलिश करून सूक्ष्मदर्शकाखाली दाखवणं पुरेल का? धातूची पावडर वितळवणाऱ्या लेझरची पॉवर मुद्दाम चुकवून सदोष नमुने कुणी छापलेत का? अनुभव असेल तर कृपया सविस्तर सांगा.