मोठा वाडा परिवार : जर्मनच्या गंजाचा (मोठ्या पातेल्याचा) विषय

मोठी आई: माहा जर्मनचा मोठा गंज कोनं नेला होता? अमरावतीवरून आली तं चुलीपाशी उपडा पडून हाय. आतून काळाभोर अन् बुडाले खड्डे. मी काही बोलत नाही, फक्त विचारून राहिली.

पिंकी (पुणे): मोठ्या आई फोटो टाका ना

मोठी आई: मले फोटो टाकता येत नाही. अक्षयले म्हटलं तं तो झोपला हाय. तीन वाजले दुपारचे.

अक्षय: जागा हाव मी. टाकतो.

वैशाली: गंज मी नेला होता. साबण केला. तुम्ही नव्हत्या म्हणून विचारता आलं नाही. स्टीलचं मोठं पातेलं मिळालं असतं तर तेच घेतलं असतं, पण स्टीलची सगळी भांडी कोठीत कुलपात आहेत.

मोठी आई: कुलूप मांजरीसाठी हाय.

जावईबुवा (अमरावती): मांजर पातेलं नेते का आई? 😂

मोठे बाबा: ग्रुपवर भांडू नका. घरी या अन् भांडा.

पिंकी (पुणे): वहिनी साबण!!! माझ्यासाठी चार वड्या ठेवा. इथे घरगुती म्हणून काहीही भावाने विकतात.

तात्याजी (वर्धा): जर्मन म्हणजे ॲल्युमिनियम. कॉस्टिक सोड्याचं पाणी त्याला खातं आणि हायड्रोजन सुटतो, तो पेटणारा वायू आहे. हे चुलीपाशी केलं असेल तर थोडक्यात निभावलं. स्टील घ्यावं. आणि कॉस्टिक पाण्यात सोडायचं, पाणी कॉस्टिकवर ओतायचं नाही. उसळून डोळ्यात जातं.

वैशाली: चूल विझलेली होती तात्याजी. पाण्यातच सोडलं. हातमोजे, चष्मा, तोंडाला ओढणी, सगळं होतं. विस्तव नसताना गंज हात लावू देईना इतका तापला.

मोठी आई: गंजाचं बोला.

तात्याजी (वर्धा): कॉस्टिक किती घेतलं?

वैशाली: किलोभर तेलाला १८३ ग्रॅम. व्हिडिओत तेच सांगितलं.

तात्याजी (वर्धा): व्हिडिओत तेल कोणतं होतं?

वैशाली: खोबरेल.

तात्याजी (वर्धा): आणि तू?

वैशाली: जवसाचं. मनोज भाऊजींनी घाण्यावरून आणलेलं.

मनोज: माहं जवस?? कॅन खाली गेली तं मी समजलो गळून राहिली. तीन दिवस कॅनखाली पेपर ठेवला ना बाप्पा मी!

अक्षय: 😂😂😂

मनोज: हसू नको बे. भाकरीवर घ्यायचं तेल होतं ते.

तात्याजी (वर्धा): प्रत्येक तेलाचा हिशोब वेगळा असतो. खोबरेलाला किलोमागे १८३ च्या आसपास, जवसाला १३५. त्यातूनही पाच टक्के कमीच घ्यायचं, म्हणजे थोडं तेल साबणात मोकळं राहतं आणि अंग कोरडं पडत नाही. तुझ्याकडून ४८ ग्रॅम वरचढ गेलं. त्यातलं काही गंजाने खाल्लं, किती ते कळायला मार्ग नाही. हा साबण अंगाला लावायचा नाही. मोरी धुवा, फरशी धुवा.

मोठे बाबा: मी सकाळी त्याच्यानंच आंघोळ केली. तवापासून पाठ खाजून राहिली.

वैशाली: बाबाजी!! तो वाळायला ठेवला होता. चार ते सहा आठवडे हात लावायचा नव्हता. सुपावर चिठ्ठी लावली होती.

मोठे बाबा: आंघोळीले चष्मा लावून जात नाही मी.

मोठी आई: पाठीले खोबरेल लावून देते, या इकडं. पोळ्याले पन्नास मानसाचं वरण कायच्यात शिजवू तेही सांगा कोनी.

आत्याबाई: आमच्या वेळी रिठे, शिकेकाई. रेशमी लुगड्याले हिंगणबेट. कोनाची पाठ खाजत नव्हती.

जावईबुवा (अमरावती): खाजवायले टाइमच कुठं होता आत्याबाई तुमाले

तात्याजी (वर्धा): साबण हा काही व्हिडिओवाल्यांचा शोध नाही. वर्ध्यात १९३४ साली ग्रामोद्योग संघ निघाला, १९३८ ला मगनसंग्रहालय उघडलं ते गांधीजींच्या हातून. गावच्या धंद्यांत त्यांनी तेलघाणा, दळण-कांडण, कागद यांच्या रांगेत साबणही धरला होता.

अक्षय: पोचले तात्याजी १९३४ ले

मनोज: अन् माह्या तेलाचं?

पिंकी (पुणे): वहिनी एवढी हौस आहे तर दिवाळीला उटणंपण करा ना सगळ्यांसाठी

वैशाली: करते ताई. लावायला याल ना? मागच्या वर्षी फराळ कुरिअरने मागवला होता म्हणून विचारलं.

पिंकी (पुणे): सुट्टी नव्हती वहिनी. असो.

मोठी आई: गंजाचं कोनी बोलून नाही राहिलं.

वैशाली: गंज मी भरून देते मोठ्या आई. पण हौस म्हणता तर सांगते. दुपारी सगळे कूलरसमोर आडवे झाले की दोन तास कोणी हाक मारत नाही. ओसरीत बसून घोटत होते. जवसाचं तेल लवकर दाद देत नाही, दंड भरून आला. मग एकदम पळीची रेघ वर राहायला लागली, पिठलं आळतं तसं. दुसऱ्या दिवशी दोऱ्याने वड्या कापल्या. पिवळ्या, कडा सरळ, एकीवर दोऱ्याचा पीळसुद्धा उमटला. संध्याकाळपर्यंत मी दहादा तरी सूप पाहून आले. कोणाची भाजी करपली नाही, कोणाचा चहा चुकला नाही.

आत्याबाई: छान केलं वं पोरी.

मोठे बाबा: चहा चुकला होता सोमवारी.

तात्याजी (वर्धा): पुढच्या वेळी नुसतं जवस नको. वडी मऊ राहते आणि खवट होते. मोहाच्या टोरीचं, म्हणजे बियांचं, तेल आणि खोबरेल मिळून कर. टोरीच्या तेलाने वडी टणक येते, खोबरेलाने फेस. ग्रॅम मी काढून देतो. पाणी कॅनचं घे. आपल्या विहिरीचं जड आहे, साबणाचा फेस मारतं, बादलीला पांढरा थर बसतो तो त्याचाच.

मनोज: म्हणजे पुन्हा करायचा हाय?

वैशाली: गोंदियाला माझ्या मामांना टोरीच्या तेलाचं विचारलं. आहे म्हणाले.

मोठी आई: मोरीवाल्या साबणाची एक वडी इकडं पाठवजो. दोन दिवस घर उघडं टाकलं तं ओटा पाहा कसा चिकट करून ठेवला.

मनोज: मी उद्या आर्वीले जाऊन राहिलो. वैशाली वहिनी, ग्रॅमचा काटा आणू का? पैसे तेलाच्या हिशोबात धरजा. बाकी कोनाले काही लागते का?

आत्याबाई: इसबगोल आन. मागच्यासारखं दुसऱ्याच कंपनीचं नको.